उतारा नको, पान दाखवा

प्रति,
जुन्या मृत्यूनोंदी ज्यांच्या ताब्यात आहेत ते सर्व निबंधक, अभिलेखपाल आणि चर्च, मठ, दफनभूमी, स्मशानभूमी यांच्या वह्या जपणारे दप्तरदार

सप्रेम नमस्कार.

आठ वर्षांपूर्वी मी एका निबंधक कचेरीत अर्ज केला. आजोबांच्या आईच्या मृत्यूची नोंद हवी होती. तीन आठवड्यांनी सही-शिक्क्याचा उतारा हातात पडला. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, मृत्यूची तारीख, ठिकाण, एवढंच. महिना ऑक्टोबर, साल १९१८. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९१८, आणि घरात सगळे सांगत आलेले की त्यांची आई बाळंतपणात गेली. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. साल जुळलं, गोष्टही जुळली. शोध संपला असं समजून मी फाईल बंद केली.

ती गोष्ट आमच्या घरात साधी नव्हती. ‘आईला खाऊन जन्मलेला’ हे शब्द आजोबांनी लहानपणी ऐकले आणि मरेपर्यंत ते विसरले नाहीत. घरात कुणी बाळंत व्हायची असली की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. सगळं नीट पार पडल्याचा निरोप आला की ते एकटेच बाहेर जाऊन बसत. त्यांच्यावरचा तो जुना आरोप त्या उताऱ्यानं शिक्का मारून खरा करून दिला, असं मला तेव्हा वाटलं.

चार वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी मी त्याच कचेरीत गेले होते. तिथल्या एका वयस्क कारकुनांशी बोलता बोलता पणजीचा विषय निघाला. ते उठले, आत गेले आणि मूळ वहीच घेऊन आले. कडा झिजलेल्या, शिवण सुटलेली, पण शाई स्वच्छ. त्यांनी पान काढून दिलं आणि मला बसायला खुर्ची दिली.

त्या पानावर उताऱ्यात न उतरलेले तीन रकाने होते. वय: २२. मृत्यूचं कारण: ताप. खबर देणार: मयताची बहीण. तिचं नाव, ती राहते ते गाव आणि शेजारी अंगठा. दोन ओळी वर त्याच घरातली आणखी एक नोंद होती, चार दिवस आधीची. पणजीची सासू. कारण तेच. मी पान उलटलं. ताप, ताप, ताप. पुढे पुढे लिहिणाऱ्यानं शब्द लिहिणंही सोडून दिलं होतं, वरच्यासारखंच अशी नुसती खूण केली होती. त्याच वहीत जूनच्या अख्ख्या महिन्याला सात ओळी पुरल्या होत्या. ऑक्टोबरनं साडेतीन पानं घेतली होती.

१९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये इन्फ्लुएन्झाची जी भयंकर लाट जगभर फिरली, तिची ती पानं होती. एरवी फ्लू लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना नेतो. या लाटेनं तरण्याताठ्या माणसांना उचललं, गरोदर बायकांना तर फारच. म्हणजे त्या पानानंही घरची गोष्ट पुरती खोटी ठरत नव्हती. बाळंतपण आणि ताप दोन्ही एकदम असू शकत होतं. पण आता माझ्याकडे एक नाव होतं, एक गाव होतं. आजोबांना मावशी होती हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या नावावरून मावशीच्या माणसांपर्यंत पोचायला मला सव्वा वर्ष लागलं. तिची नात भेटली. तिला विचारण्याआधीच ती म्हणाली, “आमची आजी सांगायची, बहीण तापानं गेली तेव्हा पोरगं चालायला लागलं होतं. आईच्या अंथरुणाकडे सारखं धावायचं, म्हणून त्याला दाराबाहेर धरून बसावं लागायचं.” चालायला लागलेलं पोर. म्हणजे शाळेतलं जन्मसाल अंदाजानं घातलेलं होतं. त्यांची आई त्यांच्या जन्मात गेलीच नव्हती. हे मला कळलं तेव्हा आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या वयस्क कारकुनांनी दाखवलेलं पान मला पहिल्याच अर्जाला मिळालं असतं, तर ते मी त्यांना वाचून दाखवलं असतं.

म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे: जुन्या मृत्यूनोंदींचा उतारा देऊन आमची बोळवण करू नका, पूर्ण पान दाखवा.

उतारा कशासाठी असतो हे मला समजतं. वारस लावायचा, विम्याचे पैसे काढायचे, पेन्शन बंद करायची, तर माणूस गेला का आणि कधी गेला एवढंच ठरवायचं असतं. त्या कामाला चार ओळी पुष्कळ झाल्या. पण शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीसाठी जो तुमच्या दारात येतो त्याला पेन्शन नको असते. ती बाई कुणाची कोण होती, शेवटी तिच्याजवळ कोण होतं, तिच्या घरात त्या महिन्यात काय घडत होतं, हे त्याला विचारायचं असतं. या प्रश्नांची उत्तरं नेमकी त्या रकान्यांत असतात जे उतारा गाळतो.

या वह्या आमच्यासारख्यांसाठी लिहिल्या गेल्या नाहीत, हेही खरं. इंग्लंडमध्ये १५३८ साली प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनं, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम निघाला. रोमन चर्चनं १६१४ च्या विधिग्रंथात मृतांची वही ठेवायला सांगितलं. फ्रान्सनं १७९२ मध्ये हे काम पाद्र्यांकडून काढून सरकारकडे दिलं, इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. कुणाला आत्म्याची काळजी होती, कुणाला मालमत्तेची, कुणाला साथीच्या आकड्यांची. घराण्याचा इतिहास ही कुणाच्याच डोक्यात नसलेली गोष्ट. तरीही लिहिणाऱ्यानं रकाने भरले आणि ते भरताना समोर उभ्या असलेल्या माणसाला चार प्रश्न विचारले. ती चार उत्तरं हीच आमची ठेव.

यातला खबर देणाराचा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि उताऱ्यात तोच बहुधा पहिला गळतो. इंग्लंडच्या मृत्यूनोंदीत १८३७ पासून खबर देणाराची सही, त्याचं वर्णन आणि राहण्याचं ठिकाण असतं. ‘मृत्यूसमयी हजर’ असे शब्द तिथे वारंवार दिसतात. १८७४ च्या कायद्यानंतर खबर देणाराचं मयताशी नातंही लिहिलं जाऊ लागलं. म्हणजे एका मृत्यूच्या नोंदीत एक जिवंत माणूसही पकडला गेलेला असतो: त्या दिवशी, त्या पत्त्यावर, त्या नात्यानं. मुलाऐवजी शेजारणीनं खबर दिलेली असेल तर मुलगा कुठे होता हा प्रश्न उभा राहतो. खबर जावयानं दिली असेल तर एक लेक होती आणि तिचं लग्न झालेलं होतं, हे एका ओळीत कळतं.

बायकांच्या बाबतीत तर हा रकाना नसेल तर वाटच खुंटते. वंशावळीत बापापासून मुलगा, मुलापासून नातू अशी सरळ रेघ जाते. घरात आलेली बाई नावापुरती आणि घरातून गेलेली लेक तेवढीही नाही. लग्नानंतर जिथे आडनाव बदलतं तिथे ती माहेरच्या कागदांतूनही पुसली जाते. इंग्लंडच्या नोंदीत विवाहित बाईच्या कामधंद्याच्या रकान्यात ‘अमक्याची बायको’ किंवा ‘अमक्याची विधवा’ एवढंच लिहीत. तिचं लग्नाआधीचं आडनाव मृत्यूनोंदीत यायला १ एप्रिल १९६९ उजाडावं लागलं. तोवर मृत्यूनोंदीतून तिच्या माहेरचा धागा सापडायचा तर एकच आशा: तिच्या मरणाची खबर द्यायला तिचा भाऊ आला असेल आणि त्यानं स्वतःच्या नावानं सही केली असेल. माझ्या पणजीच्या वेळी बहीण आली होती, म्हणून पणजीचं माहेर मला सापडलं. आमच्या घरच्या वंशावळीत तिचं नावही नाही, तिथे नुसतं ‘प्रथम पत्नी’ असं लिहिलेलं आहे.

स्कॉटलंडनं हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तिथे सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली आणि मृत्यूच्या नोंदीत मयताच्या आईवडिलांची नावं मागितली गेली, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. त्या पहिल्या वर्षी तर त्यांनी आणखी पुष्कळ विचारलं: जन्म कुठे झाला, या भागात किती वर्षं राहत होता, मुलं कोणकोणती, त्यांची वयं काय, दफन कुठे केलं. लिहिणाऱ्यांना हे झेपेना. १८५६ मध्ये बरेच रकाने गेले, पण आईवडिलांची नावं राहिली. ज्याचा पूर्वज स्कॉटलंडमध्ये १८५५ मध्ये गेला तो शोधणारा आजही देवाचे आभार मानतो. कुणाच्या मरणाबद्दल असं लिहिणं विचित्र वाटतं, पण त्या एका वर्षाच्या ओळींत तीन तीन पिढ्या एकत्र बसलेल्या असतात. आणि ज्या निबंधकांनी ते लांबलचक रकाने कुरकुरत का होईना भरले, त्यांचे उपकार किती पिढ्यांवर आहेत याची त्यांना कल्पनाही नसेल.

सूचीवर भागवा, असंही आम्हाला कधी कधी सांगितलं जातं. सूची म्हणजे फक्त दाराची कडी. इंग्लंडच्या मूळ सूचीत मृत्यूसमयीचं वय १८६६ पासून यायला लागलं. त्याआधीच्या सूचीत एकाच नावाची सहा माणसं एकाच तिमाहीत गेलेली दिसली तर त्यातलं पोर कोण आणि म्हातारा कोण हे कळायला मार्ग नव्हता. संगणकावरच्या नव्या सूच्यांची वेगळी अडचण आहे. नावं एकसारखी दिसावीत म्हणून ती ‘शुद्ध’ करून भरलेली असतात. कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलेलं नाव, घरात बोलायचं नाव, बोलीतला उच्चार, हे सगळं त्यात धुऊन निघतं. आजोबांच्या मावशीचं नाव वहीत जसं लिहिलंय तसंच तिच्या नातीनं उच्चारलं, आणि म्हणूनच मी योग्य घरात पोचले याची मला खात्री पटली. एखाद्या सूचीकारानं ते सुधारून लिहिलं असतं तर मी दारावरून परत आले असते.

चुका दुरुस्त करू नका, ही विनंती मी हात जोडून करते. वह्यांत चुका असतात, भरपूर असतात, हे या शोधात पडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मृत्यूची तारीख आणि जागा यांवर बराच भरवसा ठेवता येतो, कारण खबर देणारा बहुतेकदा तिथे होता. जन्माबद्दलची माहिती मात्र ऐकीव. ऐंशी वर्षांच्या बाईचा जन्म कधी झाला हे तिचा मुलगा सांगतो, तेव्हा तो त्या जन्माला हजर नव्हता. वयं साठ, पासष्ट, सत्तर अशी ठोकळ येतात. अमेरिकेतल्या दाखल्यांवर मयताच्या आईच्या लग्नाआधीच्या नावापुढे ‘माहीत नाही’ असं किती वेळा लिहिलेलं असतं! पण तेही उत्तरच आहे. मुलाला आजीचं नाव माहीत नव्हतं, म्हणजे त्या घरानं कुठेतरी मुळं सोडली होती, बहुधा समुद्रापलीकडे. ही जागा मागाहून कुणी ‘योग्य’ माहितीनं भरली तर ती कोरी ओळ जे सांगत होती ते गेलं. दुरुस्ती करायचीच तर समासात करा, तारीख घालून करा, मूळ शब्द वाचता येईल अशी करा. चांगल्या लिहिणाऱ्यांची जुनी रीत हीच होती.

समासावरून आठवलं. एका ठिकाणी सगळ्या वह्यांची छायाचित्रं काढून झाली होती आणि मला पडद्यावर पान दाखवलं गेलं. पान सुरेख दिसत होतं. फक्त उजवीकडचा शेऱ्याचा रकाना चौकटीबाहेर राहिला होता, वहीभर. काम करणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं की शेरे महत्त्वाचे असतात. मूळ वह्या तोवर कुठल्याशा गोदामात गेलेल्या. छायाचित्रं काढताना कडेपासून कडेपर्यंत काढा, कोरी पानंही काढा, आणि काढून झाली म्हणून कागद रद्दीत घालू नका.

आता मृत्यूच्या कारणाबद्दल. हा नाजूक भाग आहे आणि तुमची भीती मला खोटी वाटत नाही.

कारणाचा रकाना पहिल्यापासूनच संकोचानं भरला गेलाय. लंडनमध्ये साथींच्या काळात प्रेतं पाहून कारण ठरवण्याचं काम गरीब म्हाताऱ्या बायकांकडे असे. त्यांच्या सांगण्यावरून मृत्यूंची साप्ताहिक पत्रकं निघत. जॉन ग्रॉंट यानं १६६२ मध्ये या पत्रकांवरून पुस्तक लिहिलं तेव्हा त्यानं नोंदवून ठेवलं की गुप्तरोगानं गेलेल्यांची नोंद दुसऱ्याच आजाराखाली होते, कारण त्या बायकांचे हात ओले केले जातात. पुढे डॉक्टरचा दाखला आला, आजारांच्या याद्या आल्या, पण संकोच गेला नाही. आत्महत्या, क्षय, कुष्ठरोग, पुढे एड्स, यांची नावं लिहिताना हात थांबत राहिला. म्हणूनच ताज्या मृत्यूचं कारण वाटेल त्याला दाखवू नये हे मला मान्य आहे. भारताच्या १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात कलम १७ आहे. कुणीही शोध घ्यावा, उतारा मागावा, अशी मुभा ते देतं, पण मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करायला मनाई करतं. हेतू चांगलाच आहे. फक्त ती मनाई किती वर्षांनी उठते हे तिथे लिहिलेलं नाही. गेल्या महिन्यात वारलेल्या माणसाला आणि पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्याला एकच नियम.

काळाची रेघ आखता येते. आयर्लंडमध्ये पन्नास वर्षांहून जुन्या मृत्यूनोंदींची मूळ पानं कारणासकट घरबसल्या, फुकट पाहता येतात. स्कॉटलंडनंही संगणकावर पानं दाखवण्यासाठी मृत्यूला पन्नास वर्षांचीच मर्यादा धरलीय. जन्माला मात्र शंभर, कारण जन्मलेला माणूस हयात असू शकतो. नेदरलँड्समध्ये मृत्यूनोंदी पन्नास वर्षांनी खुल्या होतात. गेलेल्याची अब्रू आणि मागे राहिलेल्यांचं दुःख यांना पन्नास वर्षं दिल्यावर पणतवंडांना त्यांचा हक्क द्यायला हरकत नसावी. आणि यात नुसतं कुतूहल नाही. एकाच घरात तीन पिढ्यांतली माणसं चाळिशीत ‘हृदय बंद पडून’ गेलेली सलग दिसली तर चौथ्या पिढीनं डॉक्टरकडे जायला हवं, हे त्या रकान्यावरून कळतं.

कारणाच्या रकान्यातले शब्दही आता मरत चाललेत. ‘पटकी’ म्हणजे कॉलरा, ‘गाठीचा ताप’ म्हणजे प्लेग, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. ‘देवी’ हा रोग जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. तो आता फक्त तुमच्या वह्यांत उरलाय.

सगळंच सगळ्यांसाठी उघडा असं मात्र मी म्हणणार नाही. जपानचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिथे १८७२ ची पहिली कुटुंबनोंदणी १९६८ पासून बंद करून ठेवलीय, कारण तिच्यातून अस्पृश्य मानलेल्या समाजातली घरं ओळखता येत होती आणि लग्न ठरवताना, नोकरी देताना ती माहिती वापरली जात होती. बौद्ध मंदिरांतल्या मृतांच्या वह्यांवरही याच कारणानं बंधनं आली. जिथे पणजोबाच्या नोंदीमुळे पणतीचं लग्न मोडू शकतं तिथे वही मिटलेली बरी, हे मी मान्य करते. माझ्या पणजीच्या शोधापेक्षा जिवंत माणसाचा मान मोठा. तिथेही एक वाट ठेवता येईल: ज्याचं रक्ताचं नातं सिद्ध होतं त्याला समोर बसवून त्याच्या माणसाचं पान दाखवायचं, वहीभर फिरू द्यायचं नाही. पण जिथे असा धोका नाही तिथे गोपनीयतेचं नाव पुढे करून कुलूप लावलेलं असतं, आणि खरं कारण मनुष्यबळाचा तुटवडा हे असतं. तसं असेल तर तसं सांगा. आम्ही मदतीला येऊ. मोडी वाचणारे आहेत, जुनं जर्मन वळण वाचणारे आहेत, लॅटिन लावणारे आहेत. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलायचं, फ्रान्समध्ये १७९३ ते १८०५ क्रांतीचं कॅलेंडर चालत होतं, आपल्याकडे शके आणि फसली सनाचा हिशेब, हे सगळं रात्री जागून शिकलेली माणसं आमच्यात आहेत. पानं उघडा, ती वाचून द्यायचं काम ही माणसं फुकट करतील.

आणि पानं एकाच छपराखाली ठेवण्यातला धोका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पॅरिसनं शहाणपणा केला होता. जन्म, लग्न, मृत्यूच्या वह्यांच्या दोन दोन प्रती, एक नगरपालिकेकडे, दुसरी न्यायालयात. १८७१ च्या मे महिन्यात कम्यूनच्या, म्हणजे शहराचा ताबा घेतलेल्या बंडखोर सरकारच्या, अखेरच्या दिवसांत दोन्ही ठिकाणं पेटली आणि १८६० पूर्वीची शतकांची नोंद दोन्ही प्रतींसह गेली. मग त्या कचेऱ्यांनी काय केलं? लोकांच्या दारी गेल्या. घरोघरच्या पेट्यांतून दाखले, नकला, चर्चचे कागद, वकिलांचे दस्त मागवले आणि त्यावरून जमेल तेवढ्या नोंदी पुन्हा उभ्या केल्या, जवळजवळ एक तृतीयांश. डब्लिनमध्ये १९२२ च्या जूनअखेर सरकारी अभिलेखागार जळालं तेव्हा तिथे जमा केलेल्या शेकडो पॅरिशच्या वह्या राख झाल्या. वाचल्या त्या मुख्यतः ज्या पॅरिशनं स्वतःकडेच ठेवल्या होत्या त्या, आणि ज्यांच्या नकला आधीच कुणीतरी उतरवून नेल्या होत्या त्यांचा मजकूर. आमच्या हाती पडलेलं प्रत्येक पान हे तुमच्या दप्तराची आणखी एक प्रत असते.

एक गोष्ट राहिली. खबर देणारांची सूची आजवर मला फारशी कुठे दिसलेली नाही. मयतांची असते. त्या दुसऱ्या नावांची सूची कुणी करायला घेतली तर भावाच्या मरणाची खबर देणाऱ्या बहिणी, धन्याच्या मरणाची खबर देणारे नोकर, आठ आठ प्रेतांची खबर देणारा एखादा दवाखान्याचा चौकीदार, सगळे वर येतील. जी माणसं कागदावर दुसरीकडे कुठेच नाहीत ती इथे असतात, दुसऱ्याच्या ओळीत.

आजोबांची मावशी १९६३ मध्ये गेली. तिच्या नातीला त्या वेळचं थोडंसं आठवतं. शेवटच्या आठवड्यात एक उंच, न बोलणारे गृहस्थ आले होते, म्हणाली. चार दिवस राहिले, अंथरुणाशी बसून असायचे, सगळं आवरल्यावर निघून गेले. कोण होते हे तिला मोठ्यांनी सांगितलं नव्हतं. आमचे आजोबा उंच होते आणि फार बोलत नसत. मावशीबद्दल त्यांनी आमच्यापाशी कधी अवाक्षर काढलं नाही. तिचं अस्तित्व त्यांना माहीत होतं, आणि तरी त्यांनी तो आरोप तसाच वागवला, की ते गृहस्थ कुणी दुसरेच होते?

मी तिच्या नोंदीसाठी अर्ज केला. उतारा आला. नाव, तारीख, ठिकाण. खाली शिक्का. वहीत खबर देणाराचा रकाना आहे, हे खिडकीवरच्या बाईंनीही मान्य केलं, पण तो दाखवायची पद्धत नाही म्हणाल्या. दुसरा अर्ज मी त्याच दिवशी लिहून दिलाय. तिच्या मरणाची खबर कुणी दिली, सही कुणाची आहे, एवढंच मला पाहायचंय. आजोबांची सही मी ओळखते.

आपली,
ऑक्टोबर १९१८ मध्ये तापानं गेलेल्या एका बाईची पणती